फ्लॅशरविरुद्धची फिर्याद : एक प्रतिवाद

मिनेसोटातील सरोवरे डिसेंबरात गोठून त्यांवर लाकडी खोपटांच्या आणि कापडी तंबूंच्या वसाहती वसू लागल्या, की पाण्याखालचे मासे हुडकून देणाऱ्या फ्लॅशर नामक यंत्राविरुद्धची एक जुनी फिर्यादही दर हिवाळ्यात नव्याने गुदरली जाते. फिर्यादी दोन प्रकारचे असतात. ज्यांच्या वाडवडिलांनी पहारीने किंवा गिरमिटाने बर्फाला भोक पाडून, त्यात गळ सोडून, दिवसचे दिवस नशिबाच्या भरवशावर काढले, असे तेथील जुन्या वळणाचे गळवाले हे एक. आणि मिनिआपोलिसच्या परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेले व निसर्गाविषयी काहीशी पुस्तकी भक्ती बाळगणारे आमचे मराठी स्नेही हे दुसरे. दोघांचेही म्हणणे थोडक्यात असे, की मासा दिसू लागल्याने खेळातील न्याय गेला, मासा दिसू लागल्याने माणसाचा धीर आणि हातोटी गेली, आणि मासा दिसू लागल्यानेच सरोवरे रिकामी होत चालली. ही तिन्ही कलमे सभ्य भाषेत मांडली जातात आणि त्यांमागची कळकळ बहुधा खरी असते. सबब त्यांचा जबाब टाळाटाळ न करता कलमवार दिला पाहिजे. आमची बाजू आरंभीच नमूद करून ठेवतो : जाणणे हा अपराध नाही, जाणल्यावर किती घ्यावे याला धरबंध न ठेवणे हा अपराध आहे; आणि फिर्यादीपक्षाने आरोपीच्या पिंजऱ्यात ज्याला उभे केले आहे तो या प्रकरणातला केवळ साक्षीदार आहे.

ज्याच्यावर आरोप ठेवावयाचा त्याची नीट ओळख करून घेण्याची तसदी आक्षेपक क्वचितच घेतात, म्हणून ती आधी करून दिलेली बरी. विहिरीच्या काठावरून खडा टाकून त्याच्या आवाजावरून पाणी किती खोल आहे हे ताडणारा माणूस जे करतो, तेच हे यंत्र अधिक काटेकोरपणे करते. भोकातून पाण्यात सोडलेल्या ट्रान्सड्यूसरमधील स्फटिक मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचे तुटक ठोके खाली पाठवितो. ते ठोके तळावर, माशावर किंवा आपल्याच आमिषावर आदळून परततात. आणि थंड गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1,400 मीटर असल्यामुळे 30 फूट खोल तळाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या अवघ्या 13 सहस्रांशांत वर पोचतो. तबकडीमागे अखंड गरगरणारा एक दिवा प्रतिध्वनी पोचल्याच्या क्षणी ज्या अंशावर असेल तेथे लुकलुकतो, आणि फिरण्याच्या वेगामुळे ती लुकलुक डोळ्यांना स्थिर रेघेसारखी भासते. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने जी विद्या सिद्ध केली, जिचा उपयोग 1948 साली जपानातील नागासाकी प्रांतात फुरुनो बंधूंनी व्यापारी मासेमारीकडे वळविला, आणि जी 1957 साली मिझुरी राज्यातील जॉप्लिन येथे निघालेल्या लॉरन्स कंपनीने ‘लिटल ग्रीन बॉक्स’ या छोट्या हिरव्या पेटीतून हौशी गळवाल्याच्या होडीत आणून ठेवली, तिचाच फ्लॅशर हा वंशज. पण या साऱ्या घराण्यात त्याच्याइतका अल्पसंतुष्ट दुसरा कोणी निघाला नाही. तो चित्र काढीत नाही, नोंद ठेवीत नाही, मघाचे काही स्मरत नाही. या घटकेला या भोकाखाली काय आहे, एवढीच त्याची जबानी.

आता पहिले कलम. मासा दिसणे म्हणजे अन्याय, या विधानाच्या मुळाशी असे गृहीत आहे की बर्फावरील मासेमारी ही मुळात आंधळ्याची विद्या होती आणि यंत्राने तिला डोळे दिले. इतिहासाचा दाखला नेमका उलट आहे. उत्तर अमेरिकेतील या सरोवरप्रदेशाचे मूळ रहिवासी जे ओजिब्वे आणि डकोटा लोक, ते बर्फात भोक पाडून त्यावर कातडी किंवा घोंगडी ताणीत, वरचा उजेड कोंडून टाकीत, पालथे पडून त्या काळोखातून खालच्या उजळ पाण्यात टक लावीत, एका हाताने कोरीव लाकडी मासा दोरीवर नाचवीत, आणि त्या फसव्या माशाच्या मोहाने पाइक खाली आला, की दुसऱ्या हातातील भाला सोडीत. ही रीत मिनेसोटात आजही परवान्यानिशी चालू आहे, आणि ओजिब्वे कारागिरांनी कोरलेले ते लाकडी मासे आता संग्रहालयांत मानाने मांडले जातात. पाहून मासा धरणे हे पाप असेल, तर ते या विद्येच्या जन्माबरोबरच जन्मले आहे. ज्या परंपरेच्या नावाने फ्लॅशरवर दावा लावला जातो, त्या परंपरेनेच आपल्या पूर्वजांना त्यातून निर्दोष सोडले आहे.

परंतु याहून महत्त्वाचा मुद्दा असा, की आक्षेपकांनी यंत्राच्या तबकडीवर प्रत्यक्ष काय दिसते ते लक्षपूर्वक पाहिलेले नसते. समजा, 28 फुटांवर तळाची जाड लाल पट्टी आहे आणि 25 फुटांवर आमिषाची बारीक रेघ. मनगट किंचित उचलले की ती रेघ उचलते, खाली आणले की बसते. इतक्यात तळाच्या पट्टीला चिकटून एक हिरवी फिकट छटा थरथरू लागते, ती पट्टीपासून सुटते, नारिंगी होते, मग लाल; म्हणजे ध्वनीच्या शंकूच्या कडेला असलेला वॉलाय मासा आता मध्याकडे सरकतो आहे. दोन रेघांमधले काळे अंतर कमी कमी होत बोटभर उरते. या क्षणी आमिष जोरात उसळविणारा नवशिका मासा घालवून बसतो. जाणता माणूस ते हळूहळू, जणू भिऊन दूर सरकणाऱ्या जिवासारखे, वर नेतो, आणि मासा मागोमाग आला तरच पुढची आशा धरतो. आणि मग पुष्कळ वेळा काय होते? लाल रेघ नारिंगी होते, हिरवी होते, विझते. मासा आला, त्याने निरखून पाहिले, आणि तो निघून गेला. तीस-चाळीस फूट आमिषाचा पाठलाग करून वर येणारा आणि ऐन क्षणी तोंड फिरविणारा लेक ट्राउट ज्याने तबकडीवर पाहिला असेल, तो फ्लॅशरला अन्यायाचे हत्यार म्हणण्यास धजणार नाही. यंत्र मासा आल्याचे सांगते. घ्यावयाचे की नाही याचा निर्णय माशाकडेच राहतो, आणि खेळातील न्याय जर कोठे वसत असेल, तर तो माशाच्या या नकाराधिकारात वसतो. ज्याला फ्लॅशर नाही त्याला हा नकार ऐकूच येत नाही; तो फक्त ‘आज मासा नाही’ असे म्हणून घरी जातो, आणि स्वतःच्या हातातील उणिवेचा बोजा बिनबोभाट सरोवरावर टाकतो.

दुसरे कलम धीराचे व हातोटीचे. येथे आक्षेपकांनी धीर आणि अज्ञान या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरल्या आहेत. ज्या भोकाखाली तासन्‌तास एकही मासा फिरकत नाही, तेथे बसून राहण्यात थंडी सोसण्याचे पुण्य असेल. पण त्याला कौशल्य म्हणणे कठीण आहे. मिनेसोटाचेच डेव्ह गेन्झ यांनी 1980 च्या दशकापासून हलका घडीचा तंबू आणि फ्लॅशर बरोबर घेऊन भोकामागून भोक पाडीत मासा शोधण्याची जी रीत रूढ केली, तिने गळवाल्याला आरामात बसविले नाही, उठवून कामाला लावले. शिवाय हे यंत्र वाचता येणे ही स्वतंत्र विद्या आहे. गेनचे बटण फार वर चढविले तर पाण्यातील गाळही मासा म्हणून मिरवू लागतो, फार खाली उतरविले तर खरा मासाही लपतो. म्हणून जाणते लोक आधी आपले आमिष तळाजवळ नेतात आणि ते जेमतेम दिसेल एवढीच संवेदनशीलता ठेवतात. शंकू 20 अंशांचा असेल तर 30 फुटांवर तो सुमारे साडेदहा फूट व्यासाचे वर्तुळ व्यापतो, 9 अंशांचा असेल तर पाच फुटांहूनही कमी. पहिल्यात मासे अधिक दिसतात, पण मासा आमिषाजवळ आहे की चार फूट बाजूला, हे कळत नाही. त्यातही गोम अशी, की सपाट तळावरसुद्धा रुंद शंकूच्या कडेला तळालगतचे पाच-सहा इंच पाणी यंत्राला आंधळे असते, कारण तेथील माशाच्या आधी मध्यभागीच्या तळाचा प्रतिध्वनी परतून येतो. आणि तळ उतरता असेल तर ही आंधळी जागा आणखी वाढते. शेजारच्या खोपटातही फ्लॅशर चालू असेल, तर त्याचे ठोके आपल्या तबकडीवर नाचू लागतात आणि ते वेगळे काढण्यासाठी निराळे बटण फिरवावे लागते. एवढे सगळे ज्याला उमजते त्याची हातोटी गेली असे म्हणणारा, हातोटी म्हणजे काय याविषयी फारच स्वस्त कल्पना बाळगून आहे. तबकडीवर डोळे खिळवून बसणाऱ्याला सरोवराकडे पाहण्याची सवड उरत नाही, ही तक्रार मात्र काही प्रमाणात खरी आहे. पण ती माणसाच्या स्वभावाविरुद्धची तक्रार असून तिचा निकाल यंत्र जप्त केल्याने लागणार नाही.

तिसरे कलम सर्वांत गंभीर, कारण ते खरे ठरले तर आधीच्या दोन कलमांतील आमचा सारा युक्तिवाद व्यर्थ होईल. सरोवरे रिकामी कोणी केली? मिनेसोटाच्या उत्तर भागात रेड लेक नावाचे अफाट सरोवर आहे. त्याचा बहुतेक भाग रेड लेक नेशन या ओजिब्वे राष्ट्राच्या हद्दीत येतो आणि पूर्वेकडचा काही भाग राज्याच्या. 1917 साली, युद्धकाळातील अन्नटंचाईच्या निमित्ताने, राज्यसरकारने तेथे व्यापारी मासेमारी सुरू केली. पुढे अनेक दशके जाळी चालली, राज्याच्या बाजूने गळवाल्यांनीही हात धुऊन घेतले, चोरट्या विक्रीची त्यात भर पडली, आणि 1990 च्या दशकाच्या मध्याला तेथील वॉलाय जवळजवळ संपुष्टात आला. हा ऱ्हास तबकडीवरच्या रेघांनी घडवून आणला नाही. जाळ्यांनी, बेहिशेबी उचलीने आणि कोणाचाच अंमल न चालल्याने घडविला. मग पुढे काय झाले? ओजिब्वे मच्छीमारांनी आपणहून जाळी उचलली, 1999 साली राष्ट्र, राज्य व संघसरकार यांच्यात करार झाला, वॉलाय धरण्यास संपूर्ण मनाई झाली, 1999, 2001 आणि 2003 या तीन वर्षी पिल्ले सोडण्यात आली, आणि 2006 साली सरोवर पुन्हा खुले झाले. आज या सरोवराच्या अप्पर रेड लेक या भागावर हिवाळ्यात खोपटांचे अक्षरशः गाव वसते आणि त्या गावात फ्लॅशर नसलेले खोपट शोधावे लागते. तरीही वजनाचा हिशेब, संख्येची मर्यादा आणि लांबीचे निर्बंध यांच्या जोरावर वॉलाय टिकून आहे. यंत्र वाढले आणि मासाही राहिला, हा एकच दाखला आक्षेपकांच्या प्रमेयाला पुरेसा आहे.

मिनेसोटातल्याच मिल लॅक्स सरोवराचे उदाहरण याच्या उलट म्हणून पुढे केले जाते, कारण तेथील वॉलायची संख्या अलीकडच्या दशकांत खालावली. परंतु तेथील शास्त्रज्ञांनी बोट ठेवले ते कोवळी पिल्ले मोठी होईतो जगत नाहीत यावर. आणि त्याच्या आसपासची कारणे म्हणून पाण्याची वाढलेली निवळता, झेब्रा मसल या परकीय शिंपल्याचा शिरकाव, तापणारे उन्हाळे अशा गोष्टी मांडल्या जातात. त्या सरोवराच्या कारभारातील एक तरतूद आमच्या फिर्यादी मित्रांनी आवर्जून अभ्यासावी : सोडून दिलेल्या माशांपैकी जे पुढे मरतात त्यांचाही अंदाज काढून तो राज्याच्या वाट्याच्या हिशेबात खर्ची टाकला जातो. ज्या कारभारात सोडलेल्या माशाचे मरणही जमाखर्चात येते, तेथे यंत्राला शिव्या देण्याची गरज उरत नाही; आणि ज्या कारभारात असा जमाखर्चच नाही, तेथे यंत्र काढून घेतल्याने काही वाचत नाही. कोकणच्या वाचकाला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. आपल्या किनाऱ्यावरचा तंटा मासा शोधणाऱ्या यंत्रापेक्षा, शोधलेला सगळा थवा एका फेऱ्यात वेढून घेणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवरून आणि एलईडी दिव्यांवरून पेटला, आणि केंद्रसरकारने 2017 साली एलईडी मासेमारीवर मनाई हुकूम काढला तो याच जाणिवेने, की शोध आणि उपसा या दोन वेगळ्या गोष्टी असून नियम उपशावर बसवावा लागतो. आठ इंचांच्या भोकातून सोडलेल्या एका गळाला त्या जाळ्याच्या पंक्तीस बसविणे हा प्रमाणबुद्धीचा अभाव होय.

तथापि या कलमाचा एक भाग आम्हांस बिनशर्त मान्य आहे, आणि तो फिर्यादीपक्षाने स्वतः पुरेशा जोराने मांडलेला नाही, म्हणून आम्हीच मांडतो. हिवाळ्यात क्रॅपी जातीचे मासे सरोवराच्या खोल भागात दाटीने जमतात, आणि फ्लॅशरमुळे हे थवे सापडणे फार सोपे झाले आहे. तीस-पस्तीस फुटांवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट असतो. तेथून मासा भराभर वर ओढला, की त्याच्या पोटातील हवेची पिशवी फुगते, आणि क्रॅपी, पर्च, वॉलाय यांना ती हवा तोंडावाटे सोडून देण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. असा मासा दयाळूपणाने पुन्हा पाण्यात सोडला तरी तो जगेलच असे नाही. म्हणून ज्याच्या हाती फ्लॅशर आहे त्याने खोलातील क्रॅपी ‘धरला, सोडला’ करीत दुपारभर खेळत बसणे हा शुद्ध ढोंगीपणा आहे. त्याने आपल्या मर्यादेपुरते घ्यावे आणि गळ गुंडाळावा. पण याही ठिकाणी पाहा : पाणी किती खोल आहे आणि मासा कोणत्या पातळीवर आहे हे त्याला कोणी सांगितले? फ्लॅशरनेच. अजाणतेपणाची सबब ज्या यंत्राने काढून घेतली, त्याने माणसावरील जबाबदारी वाढविली. ती माणसाने पाळली नाही तर दोष कोणाच्या खाती जमा करावयाचा, हे उघड आहे.

जुन्यांचा समाचार घेतल्यावर नव्यांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे, कारण फ्लॅशर आता कालबाह्य झाला असे म्हणणारा एक पक्ष दुसऱ्या टोकाला उभा आहे. 2018 साली आलेल्या गार्मिन कंपनीच्या लाइव्हस्कोपसारखी यंत्रे पुढे व बाजूला ध्वनी फेकून हालत्या माशाचे जवळजवळ चित्रच पडद्यावर दाखवितात, आणि गळवाला त्या एकट्या माशाच्या पाठीमागे भोके पाडीत धावतो. फ्लॅशर आणि हे यंत्र यांत फरक नाही, एकाला वाट दिली की दुसरे आपोआप येते, असा आक्षेप घेतला जातो. फरक आहे, आणि तो मोठा आहे : एक आपल्या भोकाखाली आलेल्या पाहुण्याची वर्दी देतो, दुसरा घराघरांत शिरून झडती घेतो. अमेरिकेतील काही व्यावसायिक बास-स्पर्धांनी 2025 पासून या यंत्राच्या वापरावर बंदी किंवा कालमर्यादा घातली, यावरून एवढे सिद्ध होते की समाजाने ठरविले तर उतारावरही थांबता येते. होडीवरही फ्लॅशरची उपयुक्तता मर्यादित पण खरी आहे. होडी वेगात असतानाही तळ उथळ होत चालल्याचे तो त्याच क्षणी दाखवितो, मात्र ट्रान्सड्यूसर नीट बसविलेला नसेल तर होडीमागच्या बुडबुड्यांत त्याची जबानी फाटून जाते. आणि तो पाहतो सरळ खाली. समोरच्या खडकाची सूचना त्याच्याकडून अपेक्षिणारा नावाडी मिल लॅक्सच्या उथळ खडकांवर पंखा मोडून घेतो, आणि त्याचा दोषही पुढे यंत्राच्याच माथी मारला जातो.

बर्फाविषयी तर अधिकच स्पष्ट बोलले पाहिजे, कारण येथे चूक झाली तर प्राणाशी गाठ आहे. स्वच्छ, बुडबुडे नसलेल्या बर्फावर थोडे पाणी ओतून ट्रान्सड्यूसर टेकविला, तर भोक न पाडताही खालची खोली कळते. या चमत्काराने भारावून काही जण यंत्र बर्फाचीही खात्री देते असे समजून बसतात. ते तशी कोणतीही खात्री देत नाही. मिनेसोटाचे नैसर्गिक संपत्ती खाते पायी चालण्यासाठी किमान 4 इंच स्वच्छ नवा बर्फ सांगते, पांढऱ्या भुसभुशीत बर्फाची जाडी याच्या दुप्पट हवी असे बजावते, आणि कोणताच बर्फ पूर्णपणे सुरक्षित नसतो हेही जोडते. त्याची परीक्षा पहारीने ठोकून आणि गिरमिटाने भोक पाडून मोजूनच करावी लागते. ज्याला यंत्राच्या मर्यादा ठाऊक नाहीत त्याने यंत्र वापरू नये, ही सूचना रास्त आहे. कोणीच वापरू नये, ही रास्त नाही.

तेव्हा एकंदर निकाल असा. पहिले कलम इतिहासाने आणि माशाच्या वागणुकीने खोडले आहे. दुसरे कलम अज्ञानाला सद्गुण मानल्याखेरीज उभेच राहत नाही. तिसऱ्यातला जेवढा अंश खरा आहे, तो यंत्राविरुद्ध नसून यंत्र धरणाऱ्या हाताविरुद्ध आहे. फिर्यादीपक्षाला सरोवरांची खरोखरच कळकळ असेल, तर त्याने फ्लॅशरवर बहिष्कार पुकारण्यात शक्ती वेचू नये. जातिवार मर्यादा वेळोवेळी तपासून त्या कमी करण्याची मागणी करावी. घरच्या फ्रीझरमध्ये साठविलेले मासेही मर्यादेत मोजावयाचे असतात, हा असलेला कायदा शेजाऱ्याला आठवून द्यावा. खात्याचा कारकून किनाऱ्यावर पकड विचारावयास आला, तर खरा आकडा सांगावा. आणि खोलातल्या क्रॅपींवर चाललेला पोरखेळ जेथे दिसेल तेथे तोंडावर निषेध करावा. ही कामे कटकटीची आहेत, त्यांत वाईटपणा घ्यावा लागतो, आणि एका निर्जीव डब्याला दूषणे देण्यात जे समाधान मिळते ते त्यांत मिळत नाही. पण मासा वाचतो तो याच कामांनी. रेड लेकवर तो यांनीच वाचला, आणि त्या वेळी कोणी कोणाचा फ्लॅशर काढून घेतला नव्हता.